चाकातली वाळू

बोहरी आळीतून डावीकडे वळलं की माझं दुकान.
दुकान कसलं, जिन्याखालची जागा.
वर पाटी: बॅगा, चेन, चाकं दुरुस्त करून मिळतील.
खाली माझ्याच हातची दुसरी:
बॅग आतून रिकामी करून आणावी.
कुणी आणत नाही.

मे सरत आला की रीघ लागते.
लोहगावला विमानं उतरतात,
आठवड्याभरात चाकं माझ्याकडे.
हँडलला चिकटलेल्या पट्ट्या मी नखाने सोडवतो.
भूगोल सातवीत सुटला, तो असा परत धरला:
आयएक्सझेड म्हणजे अंदमान,
डीपीएस म्हणजे बाली,
एमएलई मालदीव, आणि घासाघीस
सगळ्यात जास्त तेच करतात.
दोन लाखांचं बेट चालतं,
ऐंशी रुपयांचं चाक महाग.
"साठ घ्या हो, चायनाचंच तर आहे."

चाक उघडलं की आधी केस निघतात,
लांब, आसाला घट्ट पीळ घातलेले.
केसांखाली वाळू.
अंदमानची मैद्यासारखी, बोटाला लागते पण टोचत नाही.
बालीची कधी पांढरी, कधी काळी,
गाळून उरलेल्या चहाच्या चोथ्यासारखी.
एकदा शिंपला निघाला मुगाच्या डाळीएवढा,
विमानातून आलेला, अखंड.
टाकायची कुठे? गटार आधीच तुंबलेलं.
म्हणून एका स्टीलच्या वाटीत साठवत गेलो.
आता तिच्यात उदबत्ती उभी राहते.
पाच-सात बेटं आणि वर एकच धूर.

समुद्र मीही पाहिलाय.
हरिहरेश्वरला, एसटीने, साडूच्या लग्नाला गेलो तेव्हा.
बायकोची एक चप्पल वाहून गेली,
दुसरी तिने घरी आणली. का, ते विचारू नका.

परवा टिळेकर आले, धनकवडीचे, सोबत बाई.
बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणाले,
"बालीला जाऊन आलो."
मी काही विचारलं नव्हतं.
हँडलवर पट्टी नाही, डिंकाचा डागही नाही.
चाक उघडलं,
आत तांबडी माती,
भाताचं तूस, करवंदाचं एक देठ.
ही माती मला ओळखते.
वेल्हे माझी सासुरवाडी.

टिळेकरांचा फोन वाजला, ते आळीत गेले.
बाई चेनच्या रिळांकडे बघत बोलल्या,
जणू रिळांनाच सांगत होत्या:
"एजंटाने फोनच बंद केला हो.
सोसायटीत सांगून झालं होतं सगळ्यांना.
मग जावेच्या गावी राहिलो सहा दिवस.
निघताना ह्यांनी बॅग मुद्दाम
फरशीवरून खडखडत नेली,
लोकांनी गॅलरीत यावं म्हणून.
त्यातच चाक गेलं.
आता तिसऱ्या मजल्यावरची केतकी मागतेय बॅग,
ती खरोखरची चाललीय, सोमवारी."

मी काही बोललो नाही.
बोलायला माझ्या तोंडात स्क्रू होता.
माती ब्रशने झाडली, तूस चिमटीने काढलं,
नवं चाक बसवलं, दोनदा फिरवून पाहिलं.
मग वाटीतली राख फुंकली,
खालून एक चिमूट उचलली
आणि अस्तराच्या कोपऱ्यात, शिवणीजवळ, सोडली.
चाक अडकेल इतकी नाही,
बॅग झटकली तर पडेल इतकी.
बाईंनी पाहिलं.
पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं,
पुन्हा गुंडाळलं.

टिळेकर परतले.
"किती?"
"ऐंशी."
ते पाकीट उघडत होते, तेव्हा मी विचारलं,
गिऱ्हाईकाला सहज विचारतात तसं,
"तिकडे वाळू म्हणे कुठेकुठे काळी असते?
चहाच्या चोथ्यासारखी?"

ते थांबले. बाईंकडे पाहिलं.
मग माझ्याकडे, जरा जास्त वेळ.
"असते ना," म्हणाले,
"अगदी चोथ्यासारखी.
पायाला चिकटते, मेली, निघता निघत नाही."

आणि बॅग उचलून, न ओढता, घेऊन गेले.
साठ म्हणाले नाहीत.